पेरणीपूर्वीची अन्नसिद्धता : उन्हाळी वाळवण आणि साठवण

मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागते. पुरेसा पाऊस पडून जमिनीस वापसा आला, म्हणजे पेरणी लांबणीवर टाकता येत नाही. त्या दिवसांत शेतकरी कुटुंबातील स्त्रीलाही पहाटेपासून शेतावर जावे लागते. टोकणी, नांगे भरणे, खुरपणी आणि भाताच्या प्रदेशांत लावणी, ही कामे बव्हंशी तिच्याच हातांनी होतात. सायंकाळी घरी परतल्यावर स्वयंपाक तिच्यासाठी थांबलेला असतोच. सरपण ओले असते, बाजारचा रस्ता चिखलाने भरलेला असतो आणि परसातील भाजी अद्याप हाताशी आलेली नसते. परिणामी, वर्षातील अत्यंत कष्टाच्या महिन्यात कित्येक घरांतील जेवण भाकरी आणि ठेचा एवढ्यावर येऊन ठेपते.

चैत्र-वैशाखातील स्थिती याच्या उलट असते. रब्बीची मळणी झालेली असते, धान्य घरात आलेले असते आणि ऊन भरपूर असते. या सवडीच्या दिवसांत पुढील तीन-चार महिन्यांच्या जेवणाचा काही भाग आधीच सिद्ध करून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. देशावर तिला वाळवणे म्हणतात, कोकणात आगोटीची तयारी म्हणतात आणि गोव्यात या बेगमीस पुरुमेंत हे नाव आहे. या पद्धतीने केवळ अन्नाचीच नव्हे, तर श्रमाचीही साठवण होते. वैशाखातील सवडीचा एक तास आषाढातील धावपळीच्या दिवसात गृहिणीच्या उपयोगी पडतो. मात्र तो तास कोणत्या पदार्थावर खर्च करावयाचा आणि केलेला पदार्थ खात्रीने कसा टिकवावयाचा, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

अन्न का नासते व का टिकते

अन्न नासविणारी बुरशी व सूक्ष्म जंतू यांना वाढीसाठी पाणी लागते. ताज्या मेथीत शेकडा सुमारे ८६ भाग पाणी असते, म्हणून ती दोन दिवसांत सडू लागते. तेच पाणी शेकडा ७ भागांपर्यंत उतरविले, की जंतूंची वाढ थांबते व भाजी कित्येक महिने टिकते. मीठही हेच कार्य निराळ्या रीतीने करते. ते पदार्थातील पाणी स्वतःशी बांधून ठेवते व जंतूंना ते मिळू देत नाही.

या हिशेबाने १ किलो निवडलेल्या मेथीपासून सुमारे १५० ग्रॅम वाळलेली भाजी मिळावी. ती २०० ग्रॅम भरली, तर तिच्यात पाणी शिल्लक आहे असे समजावे व ती पुन्हा वाळवावी. वजनाचा हा ताळा सोपा असून प्रत्येक घरी करण्याजोगा आहे.

श्रम कोणत्या पदार्थावर खर्च करावे

उन्हाळी कामे म्हटली, की पापड व कुरडया प्रथम डोळ्यांसमोर येतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, तो वाटून चीक काढतात. निवळलेला चीक शिजवून सोऱ्याने कुरडया घालतात. हे काम कष्टाचे आहे. त्यात गव्हातील पिष्ट तेवढे घेतले जाते. प्रथिनांचा व कोंड्याचा बराचसा भाग चोथ्याबरोबर निघून जातो व बहुधा जनावरांपुढे पडतो. कुरडई सणासुदीच्या ताटाची शोभा वाढविते, परंतु शेतावरून थकून आलेल्या माणसाचे जेवण तिने होत नाही.

म्हणून पापड-कुरडया बेताने कराव्या आणि पुढील तीन पदार्थांना अग्रस्थान द्यावे.

सांडगे : मूग, मटकी किंवा हरभरा यांची डाळ भिजवून, पूर्ण निथळून, शक्यतो पाणी न घालता भरड वाटावी. तीत मीठ, तिखट, जिरे व हिंग घालून बोराएवढे सांडगे स्वच्छ कापडावर घालावे. आकार याहून मोठा ठेवू नये, कारण मोठा सांडगा वरून कडक होतो व आत ओला राहतो. कडक उन्हात ते तीन-चार दिवसांत वाळतात. पुढे थोड्या तेलात परतून, कांद्याच्या रश्श्यात पाव तास शिजविले, की कालवण तयार होते. डाळींत शेकडा २२ ते २४ भाग प्रथिने असल्यामुळे, भाजी नसलेल्या दिवशीही जेवणास कस राहतो.

भाजणी व सातूचे पीठ : भाजणीसाठी ज्वारी, बाजरी व तांदूळ मिळून तीन भाग धान्य आणि हरभरा व उडीद मिळून एक भाग डाळ घ्यावी. धान्यातील प्रथिनांत जे घटक उणे असतात, ते डाळीत असतात. दोन्हींचा संयोग झाल्याने शरीरास त्यांचा अधिक उपयोग होतो. दाण्यांचे आकारमान निराळे असल्याने प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. भाजल्याने ओलावा उडतो व किडीची अंडीही मरतात. बाजरीच्या पिठास थोड्याच दिवसांत कडवट चव येते, ती त्यातील स्निग्धांश विघटित झाल्यामुळे. यास्तव भाजलेले जिन्नस अखंड साठवून दर पंधरवड्यास लागेल तेवढेच दळून आणावे. सातूचे पीठ गूळ व पाणी किंवा दूध घालून चुलीवाचूनच खाता येते. पेरणीच्या दिवशी सकाळच्या न्याहारीस त्यासारखी सोय नाही.

वाळविलेल्या पालेभाज्या : मेथी व हरभऱ्याचा पाला हिवाळ्यात स्वस्त व मुबलक असतो. त्यांचे वाळवण पौष-माघातच उरकावे, कारण त्या वेळी हवा कोरडी असते व सावलीतही पाला वाळतो. वैशाखापर्यंत थांबल्यास भाजी महाग झालेली असते. पाच माणसांच्या कुटुंबास एका वेळेस ४०० ग्रॅम निवडलेला पाला लागतो असे धरले, तर आठवड्यातून तीन वेळा याप्रमाणे चार आठवड्यांसाठी ४ किलो ८०० ग्रॅम पाला लागेल. वाळल्यावर तो सुमारे ७२० ग्रॅम भरेल व एका लहान डब्यात मावेल.

पाला वाळविण्याची रीत

पाला निवडून दोन-तीन पाण्यांत धुवावा, नंतर कापडात सैल बांधून उकळत्या पाण्यात एक ते दोन मिनिटे बुडवावा व लगेच थंड पाण्यात घालावा. गवारीसारख्या शेंगांस तीन मिनिटे लागतात. तोडल्यानंतरही भाजीत काही द्रव्ये कार्य करीत राहतात व त्यांच्यामुळे तिचा रंग, वास व सत्त्व कमी होते. उकळत्या पाण्याने ती निष्क्रिय होतात.

नंतर भाजी निथळून पातळ थरात पसरावी. प्रखर उन्हाने पालेभाजीतील ‘अ’ जीवनसत्त्व देणारे द्रव्य नष्ट होते. म्हणून पाला हवेशीर सावलीत अथवा वरून काळे आच्छादन असलेल्या सौर वाळवणी यंत्रात वाळवावा. ‘क’ जीवनसत्त्व मात्र कोणत्याही रीतीने वाळविताना बहुतांशी जाते. त्याची भरपाई जेवणात लिंबाची फोड किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ ठेवून करावी.

कोणतेही वाळवण जमिनीवर पसरू नये. बाजेवर किंवा माचाणावर स्वच्छ कापड अंथरून त्यावर घालावे व वरून पातळ जाळीदार कापड बांधावे. त्यामुळे धूळ, माश्या व पाखरे यांपासून रक्षण होते आणि खालूनही हवा खेळते. दिवसातून दोनदा वाळवण उलटावे. सूर्यास्तापूर्वी ते घरात घ्यावे, कारण रात्रीच्या दमट हवेतील ओलावा ते पुन्हा शोषून घेते. किनारपट्टीवर वैशाखाच्या उत्तरार्धात हवा फार दमट होते, तेथे ही कामे फाल्गुन-चैत्रातच उरकणे हिताचे ठरते.

वाळल्याची परीक्षा

पाला मुठीत चुरडताच त्याचा चुरा झाला पाहिजे. सांडगा मोडला असता ‘कट्’ असा आवाज होऊन आतला भागही कोरडा दिसला पाहिजे. वाळवण पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरू नये. गरम पदार्थातून निघणारी वाफ झाकणाखाली थिजते व पाण्याचे थेंब पुन्हा पदार्थावर पडतात.

अंतिम परीक्षेसाठी थोडा पदार्थ काचेच्या कोरड्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवावा. सकाळी काचेच्या आतील बाजूस दव दिसल्यास सर्व वाळवण पुन्हा उन्हात घालावे. साठवणीसाठी घट्ट झाकणाचे लहान डबे घ्यावे. मोठा डबा रोज उघडल्याने पावसाळी हवा आत जाते व सर्वच माल सादळतो. श्रावणात उघडीप मिळताच डब्यांतील माल पाहून घ्यावा व एक ऊन द्यावे.

बुरशी आलेला पदार्थ टाकावाच

बुरशी आलेला सांडगा किंवा पापड पुसून, तळून खाण्याची सवय काही घरांत आढळते. ती घातक आहे. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. हे विष यकृतास अपाय करते आणि घरगुती शिजविण्याने किंवा तळण्याने त्याचा पूर्ण नाश होत नाही. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या काही आदिवासी भागांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाण्यात आल्याने या विषाची बाधा झाली व शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या कुटुंबांपाशी दुसरे धान्य नव्हते. आपण केलेले वाळवण वाया जाऊ नये असे गृहिणीस वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बुरशी आलेला माल माणसांनी खाऊ नये व जनावरांसही घालू नये.

ज्या घरी फ्रीज आहे

आता पुष्कळ खेड्यांत फ्रीज आले आहेत व शिजविलेले अन्न पुढील दिवसांसाठी ठेवण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घेताना थंडीमुळे जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी मंदावते, हे ध्यानी ठेवावे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान जंतू जोमाने वाढतात. म्हणून शिजविलेली उसळ किंवा आमटी उथळ भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीजमध्ये ठेवावी. भाताविषयी विशेष दक्षता घ्यावी. तांदळावरील काही जंतूंची बीजे शिजविल्यावरही जिवंत राहतात व उबदार भातात वाढून विष निर्माण करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही.

उणे १८ अंशांस गोठविलेली शिजवलेली कडधान्ये दोन-तीन महिने चांगली राहतात. ती एका जेवणास पुरतील एवढ्या लहान डब्यांत गोठवावी, खाण्यापूर्वी उकळी येईपर्यंत तापवावी आणि एकदा वितळलेले अन्न पुन्हा गोठवू नये. परंतु पावसाळ्यातच वीज वारंवार जाते. दार बंद ठेवले, तरी फ्रीजमधील अन्नाचा भरवसा सुमारे चार तासच धरता येतो. यास्तव फ्रीज असलेल्या घरानेही वाळवणाचा डबा रिकामा ठेवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर भाषणापेक्षा प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक होते. पौषात एका घरी मेथी वाळविण्याचे व चैत्रात दुसऱ्या घरी सांडगे घालण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. ताजा व वाळलेला माल सर्वांसमक्ष तोलून दाखवावा. शेजारणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमून वाळवणे करण्याची रीत अनेक गावांत आहे, तिला उत्तेजन द्यावे.

या प्रात्यक्षिकांस पुरुषांनाही अवश्य बोलवावे. माचाण बांधणे, वाळवण उन्हात नेणे व सायंकाळी घरात आणणे, धान्य दळून आणणे, ही कामे त्यांनी आपल्या अंगावर घेतली पाहिजेत. तसे झाले नाही, तर आषाढातील कष्ट वैशाखात ढकलले एवढेच होईल, ते कमी होणार नाहीत. पेरणीसाठी बियाणे, खते व अवजारे यांची तरतूद दक्ष शेतकरी आधीच करून ठेवतो. पेरणी करणाऱ्या हातांच्या अन्नाची तरतूदही त्याच यादीत असावी.