मायक्रोलाइटचं लायसन्स: अमिरातीत उडायला शिकायचं तर

दुबईहून रास अल खैमाकडे ई-11 हायवेने गेलेल्यांना उम्म अल क्वैनमधलं ते भलंमोठं जुनं इल्युशिन विमान आठवत असेल. 1999 पासून तिथे पडून होतं, 2022 मध्ये तोडलं. (बिचारं!) त्याच्या शेजारच्या छोट्या धावपट्टीवरून, आणि पुढे अल जझीरा अल हमराजवळच्या जझीरा एव्हिएशन क्लबमधून, हौशी लोक मायक्रोलाइट उडवत आले आहेत. आपल्यातले बरेच जण विचारतात, कमर्शियल पायलट व्हायचा हा स्वस्त मार्ग आहे का? त्यावर शेवटी येते. आधी हे यंत्र समजून घेऊ.

मायक्रोलाइट म्हणजे फार तर दोन माणसांचं विमान. माणसं आणि इंधन धरून वजनाची जुनी मर्यादा 450 किलो. ब्रिटनने 2021 मध्ये ती 600 वर नेली. तुलनेला, शिकाऊ पायलटांचं नेहमीचं सेसना 172 साधारण 1,100 किलोचं असतं. मायक्रोलाइटचं वजन कमी म्हणून स्टॉल स्पीडही कमी, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलेनासे होतात तो वेग. त्यामुळे आखूड पट्टी पुरते.

पण हलकेपणाची दुसरी बाजू आहे. इंजिन बंद पडलं तर जड विमान काही क्षण आपल्या वेगावर पुढे जात राहतं. मायक्रोलाइटचा वेग मात्र लगेच उतरतो. टेकऑफनंतर नाक वर असताना असं झालं, तर पहिलं काम एकच: नाक ताबडतोब खाली. आणि मागे वळून पट्टीवर परतायचा मोह टाळायचा, कारण वळणात स्टॉल स्पीड वाढतो आणि हाताशी उंची नसते. इन्स्ट्रक्टर हे पुन्हा पुन्हा करून घेतात, कंटाळा येईपर्यंत. येऊ द्यावा.

फ्लेक्सविंग, म्हणजे कापडी त्रिकोणी पंखाखाली टांगलेली ट्राइक, तर आणखी वेगळी. तिथे दांडी पुढे ढकलली की नाक वर जातं, डावीकडे सरकवली की वळण उजवीकडे, कारण आपण आपलं वजनच हलवत असतो. साध्या विमानाच्या स्टिकच्या हे बरोबर उलटं. त्यामुळे इथे अनुभवी पायलटच जास्त गोंधळतात, नवशिक्यांना मोडायला जुनी सवय नसते.

आता अमिरातीची खासियत: उकाडा. विमानाला कळते ती हवेची घनता. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान 15 अंश धरतात. त्यावर प्रत्येक अंशामागे सुमारे 120 फूट उंची वाढली असं समजायचं. जुलैतल्या 45 अंशांना हिशेब होतो 3,600 फूट. म्हणजे किनाऱ्यावरची पट्टी विमानाच्या दृष्टीने जवळजवळ सिंहगडावर! विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखांना तेवढीच उचल मिळायला जास्त वेग लागतो, आणि दोघं बसलेले असतील तर धाव चांगलीच लांबते. हिवाळ्यात वेगळी अडचण. रात्री वाळू पटकन गार होते, समुद्रावरची दमट हवा तिच्यावर गोठल्यासारखी बसते आणि पहाटे दाट धुकं. म्हणून उडायची उत्तम वेळ म्हणजे धुकं विरल्यापासून वाळू तापून हवा उसळायला लागेपर्यंत. एवढ्याशा देशात इतके मोठे विमानतळ असल्यामुळे उडायचा भाग आणि उंचीही ठरवून दिलेली असते.

आता लायसन्स. नेहमीच्या पीपीएलसाठी आयसीएओची किमान अट साधारण 40 तासांची, वय 17, शिवाय मेडिकल. प्रत्यक्षात बहुतेकांना जास्त तास लागतात. मायक्रोलाइटसाठी मात्र आयसीएओचं सामायिक लायसन्सच नाही. प्रत्येक देशाचे नियम आपापले. ब्रिटनमध्ये 25 तास, त्यातले 10 एकट्याने. अमिरातीत हे जीसीएए ठरवते, भारतात डीजीसीए. त्यामुळे इथलं मायक्रोलाइटचं लायसन्स पुण्यात किंवा लंडनमध्ये आपोआप चालत नाही, आणि पुढे कमर्शियलला जायचं ठरवलंत तर हे सगळे तास मोजले जातीलच असंही नाही. करिअरच करायचं असेल तर सरळ पीपीएलला जा, असं माझं मत. पैसे भरण्याआधी क्लबला दोन गोष्टी लेखी विचारा: हातात नक्की कोणतं लायसन्स पडेल, आणि तुम्ही उद्या जिथे राहायला जाणार आहात तिथली यंत्रणा त्यातलं काय मान्य करते. आणि हो, खासगी लायसन्सवर मित्रांना फिरवता येतं, पण त्याचे पैसे कमावता येत नाहीत.