घोणस चावल्यावर किडनीत काय घडते?

केळापूर तालुक्यात डवरणी-निंदणीपासून कापूस वेचेपर्यंत माणसे दिवस दिवस शेतात असतात, आणि घोणसही त्याच शेतात असते. नाग-मण्यार चावले तर श्वास कोंडतो. घोणस चावली तर रक्त गोठेनासे होते आणि किडनी निकामी होण्याची भीती असते. डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विष भिनले हे कळते.

किडनीवर पहिला घाव विषाचाच. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकतात (त्यांतच गोठवणारे घटक खर्ची पडतात, म्हणून उरलेले रक्त गोठत नाही), रक्तदाब पडतो, नलिकांच्या पेशी मरू लागतात. पुढचे बरेच नुकसान मात्र आपलेच शरीर करते. पेशींवर ‘टोल-लाइक रिसेप्टर’ नावाची प्रथिने असतात, रात्री शेतात जागलीला बसलेल्या माणसासारखी. जंतूंची चाहूल घेणे हे त्यांचे काम. पण मेलेल्या पेशीतून सांडलेले ‘एचएमजीबी-1’ हे प्रथिनही त्यांना धोक्याची खूण वाटते. मग दाह वाढवणारी रसायने सुटतात, पांढऱ्या पेशी किडनीत गोळा होतात, सूज चढते. त्या सुजेने आणखी पेशी मरतात, आणि पुन्हा तीच खूण उमटते.

या रिसेप्टरांच्या शोधासाठी झूल हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना 2011 चे नोबेल मिळाले. त्याआधीच, 2007 मध्ये, टोल-लाइक रिसेप्टर-4 नसलेल्या उंदरांच्या किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पाहिला गेला. त्यांची किडनी इतर उंदरांपेक्षा कमी बिघडली. प्रयोग सर्पविषाचा नव्हता, पण रक्त न पोहोचण्याचा घाव घोणसदंशातही असतोच.

मग हा रिसेप्टरच बंद करता येईल का? ‘एरिटोरान’ हे औषध त्यासाठीच होते. गंभीर जंतुसंसर्गाच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निकाल 2013 मध्ये आला: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आज तरी शेतकऱ्याचा जीव वाचवायचा तो पहिल्या घावापाशीच. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, मेलेल्या पेशी परत आणत नाही. उशीर नेमका तिथे भोवतो.

तेव्हा पान लागले की दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा. घरी आल्यावर लघवी कमी किंवा लालसर झाली, तर त्याच दिवशी परत जा आणि किडनीचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.