गॅस पेटेना? आधी फिनाईलची बाटली पाहा

गोबरगॅसला संडास जोडला, चार-सहा महिने शेगडी झकास पेटली आणि मग ज्योत फडफडू लागली. घरधनी म्हणतो, "गवंड्यानं काम कच्चं केलं." गवंडी म्हणतो, "तुम्ही शेण कमी घालता." संडासात रोज काय ओतलं जातं, हे मात्र कुणी विचारत नाही.

टाकीत डोळ्यांना न दिसणारं जित्राब असतं, दोन प्रकारचं. पहिले जंतू शेण-मैला कुजवून आम्ल करतात. दुसरे त्या आम्लापासून जळणारा मिथेन वायू करतात. पहिले काटक, भराभर वाढणारे. दुसरे नाजूक. एकदा मेले की त्यांची संख्या भरून यायला आठवडे लागतात.

काळ्या फिनाईलमध्ये कोळशाच्या डांबरातून काढलेली फिनॉल जातीची रसायनं असतात. ती जंतूंचं आवरण फोडतात. १८६५ साली ग्लासगोत डॉ. लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून फिनॉलच वापरलं होतं. जखमेत जे तारक, ते टाकीत मारक. मिथेनवाले जंतू आधी गारद होतात, आम्ल साचतं, आंबूस वास सुटतो. बुडबुडे येतात, पण त्यात कार्बन डायऑक्साईडच जास्त; काडी लावली तरी पेटत नाही.

गंमत अशी, की कोक बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल असतंच, आणि ते साफही जंतूच करतात! हवा खेळती ठेवून, थोडंथोडं देऊन सवय लावली की काही जंतू फिनॉल खाऊनच जगतात. एकदम जास्त आलं तर तेही मरतात. आपल्या बंद टाकीत हवा नाही, आणि पाहुणे येणार म्हटलं की अर्धी बाटली एका दमात रिकामी होते.

तेव्हा संडास ब्रश आणि साध्या पाण्याने घासावा. फवारणीचा पंप तिथे विसळू नये. जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं शेण काही दिवस बाजूला टाकावं. बिघाड झालाच तर शेण घालणं थांबवावं, शेजारच्या चालू गोबरगॅसमधली चार-पाच घमेली मळी आणून सोडावी आणि गॅस पुन्हा पेटू लागला की शेण हळूहळू वाढवावं.

सार्वजनिक संडासाच्या सेप्टिक टाकीचंही तेच. जंतू मेले की कच्चा मैला शोषखड्ड्यात उतरतो, खड्डा तुंबतो, आणि हातपंप जवळ असला तर पुढचं सांगायला नको. सरपंच-ग्रामसेवकांनी महिन्याला फिनाईलचे किती डबे लागतात, ते बिलातून एकदा काढून पाहावं.