इंजिन बंद, मग लाइट चालू कशाला?

सेकंड इयरच्या हिवाळ्यात माझ्या गाडीला तीन वेळा धक्का मारावा लागला. तिन्ही वेळा टाकीत पेट्रोल होतं, प्लग साफ होता, आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. रात्री हॉस्टेलसमोरच्या टपरीवर गाडी लावायची, इंजिन बंद करायचं पण चावी तशीच ठेवायची. का? तर हेडलाइटच्या उजेडात आमचा कट्टा रंगायचा. अर्ध्या तासाने निघायची वेळ झाली की सेल्फ नुसता टकटक करायचा. किकचे दाते घासलेले, त्यामुळे तोही मार्ग बंद. मग रूममेट मागे आणि मी सेकंड गिअर टाकून पुढे.

हिशेब साधा आहे. हेडलाइटचा बल्ब ३५ वॉटचा, बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला की साधारण ३ अँपिअर येतात. माझी बॅटरी ५ अँपिअर-अवरची, तीसुद्धा नवी असताना. म्हणजे अर्ध्या तासाच्या चहाला दीड अँपिअर-अवर खर्च! वर टेललाइट वेगळा. उरलेल्यावर बल्ब जळेल, पण सेल्फला एका झटक्यात कितीतरी जास्त करंट लागतो. तो जुनी बॅटरी कुठून देणार?

गंमत म्हणजे ही आफत मी स्वतःच ओढवून घेतली होती. गाडी काकांकडून आली तेव्हा तिचा हेडलाइट बॅटरीवर नव्हताच. जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये असतं तसं मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी करंट बल्बला जायचा. इंजिन फिरलं तर उजेड, थांबलं तर अंधार. सिग्नलला आयडलिंगवर लाइट मिणमिणायचा, रेस केलं की भगभगायचा. मला ते मिणमिणणं आवडेना. एका गॅरेजात कॉइल प्लेटची अर्थ सोडवून, फुल वेव्ह रेग्युलेटर बसवून सगळं डीसीवर घेतलं. उजेड एकसारखा झाला, पण इंजिन थांबलं की लाइट आपोआप जाण्याची फुकटातली सोयही गेली. आता तीच सोय परत हवी होती.

सोय परत मिळवायला मुळात एकच प्रश्न सोडवायचा असतो: इंजिन चालू आहे हे वायरिंगला कळणार कसं? चावीच्या लाइनवर भरवसा नाही, कारण चावी इंजिन बंद असतानाही ऑन असते. इग्निशन कॉइलच्या किंवा सीडीआयच्या वायरींना हात लावू नका. तिथे व्होल्टेज वेगळंच असतं आणि बिघडलं तर गाडीच सुरू होणार नाही. खात्रीची जागा म्हणजे कॉइल प्लेटमधून रेग्युलेटरकडे जाणारी वायर. ती इंजिन फिरतानाच जिवंत होते. पुष्कळ गाड्यांत ती पिवळी असते, पण रंगावर जाऊ नका. मल्टिमीटर एसीवर ठेवा, एक टोक त्या वायरीला, दुसरं अर्थला. इंजिन बंद असताना शून्य आणि सुरू केल्यावर व्होल्ट दिसले, तर वायर बरोबर.

बाकी सामान पावणेदोनशे रुपयांत आलं. १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले (हॉर्नला लावतात तोच), ४००७ नंबरचा एक डायोड, १००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एक कपॅसिटर, १० अँपिअरचा फ्यूज आणि थोडी वायर. रिलेच्या पिनांवर नंबर असतात. ८५ अर्थला. ८६ ला कॉइल प्लेटची वायर, पण मध्ये डायोड, पट्टीची बाजू रिलेकडे. ८६ आणि ८५ च्या मध्ये कपॅसिटर, त्याचा मायनसचा पाय ८५ कडे. डायोड-कपॅसिटर वगळले तर एसीवर रिले माशीसारखा गुणगुणतो आणि लाइट थरथरतो. कपॅसिटर उलटा लावला तर फुगतो, फुटतोही. हे मी वाचून सांगत नाहीये.

राहिल्या ३० आणि ८७. हेडलाइटची वायर एका ठिकाणी तोडायची, सप्लायचं टोक फ्यूजमधून ३० ला, बल्बकडे जाणारं टोक ८७ ला. इंजिन फिरलं की रिलेची कॉइल ओढते, ३० आणि ८७ जोडले जातात, लाइट लागतो.

पण ती वायर कुठे तोडायची, यातच माझा मोठा घोळ झाला. मी लाइटच्या स्विचच्या अलीकडे, चावीकडून येणाऱ्या वायरीवर कटर चालवला. हाताला ती सोपी लागली म्हणून. टपरीवर ट्रायल घेतली: इंजिन बंद, लाइट बंद. टाळ्या. एक्स्ट्रा कटिंग.

दोन आठवड्यांनी आम्ही कासहून साताऱ्याला परतत होतो. यवतेश्वरचा घाट, अंधार पडलेला, त्यात धुकं. उतारावर क्लच दाबून गाडी सोडली होती (हेही करू नये, माहीत आहे). आयडलिंग कमी सेट झालेलं, इंजिन बंद पडलं, आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला. वळण कुठे, कठडा कुठे, काहीच दिसेना. मी ब्रेक दाबला, मागची जीप करकचून हॉर्न देत बाजूने गेली. थांबल्यावर रूममेट उतरून मागे बघत म्हणाला, "अरे, तुझा टेललाइटपण बंद आहे!" स्विचच्या अलीकडे तोडल्यामुळे हेडलाइटसोबत पार्किंग लाइट आणि टेललाइटही रिलेवर गेले होते. ब्रेक दाबला तेव्हा मागचा लाल दिवा लागला, जीपवाल्याला आम्ही दिसलो ते तेवढ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारली आणि बॅटरीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी माझं वायरिंग बघितलं, टेप गुंडाळलेले जॉइंट बोटाने ओढून सुटे करून दाखवले आणि एवढंच विचारलं, "रात को बंद पडेगी तो क्या करेगा, सोचा था?" नव्हता केला विचार. सगळा विचार बॅटरीचा होता.

मग जॉइंट सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून सगळं नव्याने केलं. तोड घेतली ती लाइटच्या स्विचपासून डिपरकडे जाणाऱ्या वायरीवर. आता इंजिन थांबलं तर फक्त मोठा दिवा जातो. पार्किंग आणि टेल स्विचवरच राहतात, डिपर-अप्पर पूर्वीसारखं चालतं. शिवाय हँडलजवळ एक छोटा स्विच, ३० आणि ८७ या पिनांना समांतर. घाटात शिरताना तो ऑन करायचा, मग रिले काय म्हणतो याला महत्त्व नाही, लाइट चालूच राहतो. मी पुन्हा हे काम केलं तर सगळ्यात आधी हा स्विच बसवीन.

तुमची गाडी १ एप्रिल २०१७ नंतर बनलेली असेल तर यातलं काहीच करू नका. तेव्हापासून भारतात बनणाऱ्या दुचाकींना इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट चालूच ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, म्हणून हँडलवर लाइट बंद करायचं बटणच दिसत नाही. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं वायरिंग ईसीयूशी जोडलेलं असतं. तिथे कटर चालवणं म्हणजे वॉरंटीला रामराम आणि वर सेन्सरचे दिवे. जुन्या गाडीतही मूळ दिव्यांच्या जागी भलतं काही बसवायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्याबद्दलच आहे.

त्यानंतर गेल्या हिवाळ्यात एकदाही धक्का मारावा लागला नाही. टपरीवर मात्र आता अंधार असतो. रूममेट मोबाइलचा टॉर्च लावून पाण्याच्या बाटलीखाली ठेवतो आणि दर वेळी मला ऐकवतो, की आधी बरं होतं.