वर्गणीचा डबा फिरवण्याआधी : कॅन्सरच्या उपचारासाठी पैसा कसा उभा करावा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, बाबांच्या तोंडात गाठ निघाली. डॉक्टर कॅन्सर म्हणताय." दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आले. केळीच्या बागेत मजुरीला जाणारा माणूस. एकच वाक्य बोलले, "सर, आते काय करानं?"

आम्ही तेच केलं जे सगळे करतात. परिपाठाला मुलाचं नाव घेऊन आवाहन केलं आणि प्रत्येक वर्गात डबा फिरवला. चौदा हजारांच्या आसपास रक्कम जमली. तिकडे घरच्यांनी आजीची पोत मोडली, व्याजाने पैसे काढले आणि ऑपरेशन उरकून घेतलं. नंतर एका आरोग्यमित्राने सांगितलं की, योजनेतल्या दवाखान्यात गेला असता तर हेच ऑपरेशन रेशनकार्डावर झालं असतं. पण भरलेलं बिल परत मिळत नाही. मुलगा मात्र परिपाठाच्या दिवसानंतर चार दिवस शाळेत आला नाही. सगळ्या शाळेसमोर आपल्या बापाचं नाव घेतलेलं त्याला सहन झालं नव्हतं.

आमचा हेतू चांगला होता, क्रम चुकला होता. वर्गणी हे शेवटचं पाऊल आहे, आम्ही ते पहिलं टाकलं. त्यासाठीच हा लेख. तुमच्या वर्गातल्या एखाद्या पालकावर ही वेळ आली, तर खालचा क्रम त्यांना समजावून सांगा.

१) आधी खर्चाचं अंदाजपत्रक

कॅन्सर म्हटलं की घरचे लोक "दहा-बारा लाख लागतील" असं ऐकीव बोलतात. तो आकडा धरून शेत विकायला काढू नका. डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात आजार कोणत्या टप्प्यात आहे, ऑपरेशन, केमो, रेडिएशन यापैकी काय लागणार, किती वेळा लागणार आणि प्रत्येकाचा खर्च किती, हे आलं पाहिजे. पुढे प्रत्येक अर्जाला हाच कागद लागतो.

दुसरी गोष्ट, हा खर्च एका दिवसाचा नसतो. अनेक केमो दर एकवीस दिवसांनी दिल्या जातात. अशा सहा केमो म्हणजे चार महिने. नंतर तपासण्या वर्षानुवर्षे चालतात. म्हणून पहिल्याच पंधरवड्यात सगळं सोनं मोडून मोकळं होऊ नये.

२) हक्काचा पैसा

खान्देशातल्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्याची मोफत उपचारांची योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन तिच्यात येतात.

पूर्वी मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाख होती आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं. जुलै २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारतच्या जोडीने ती पाच लाख झाली आणि पांढरं कार्डवालेही आत आले. तरीही "आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला काय मिळणार?" असं म्हणणारे पालक आजही भेटतात. त्यांना हे आवर्जून सांगा.

काय करायचं?

• रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का ते आजच पाहा. स्पेलिंगच्या फरकाने काम अडतं.
• योजनेतल्या दवाखान्यातच जा. तिथे आरोग्यमित्राचा टेबल असतो, सगळ्यात आधी त्यालाच भेटा.
• उपचाराआधी योजनेची मंजुरी घ्यावी लागते. आधी बिल भरून मागून पैसे मागायची सोय नाही.
• कोणता दवाखाना योजनेत आहे किंवा मंजूर उपचारासाठी कुणी वर पैसे मागत असेल, तर १५५३८८ हा टोल-फ्री नंबर आहे.

जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चौकशीची सुरुवात तिथून केली तरी चालते.

३) योजनेत बसलं नाही तर

मुख्यमंत्री सहायता निधी : वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड लागतं. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात, म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच करायचा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही कॅन्सरसाठी मदत देतो. तो मुळात जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी उभारला होता.

धर्मादाय दवाखाने : मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी उत्पन्नमर्यादा १ लाख ८० हजार, तर दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. दवाखाना कितीही चकचकीत असो, पाटीवर "धर्मादाय" लिहिलंय का ते बघा. तिथल्या समाजसेवकाला "निर्धन रुग्ण निधीतून माझं प्रकरण करा" असं स्पष्ट सांगा. ही भीक नाही, हा नियम आहे.

औषधं : २०१९ मध्ये केंद्राने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला. त्यामुळे अनेक औषधांचे भाव उतरले. पण त्याच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत आजही फरक असतो. "याचं जेनेरिक चालेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

४) मुंबईला जावं लागलं तर

आपल्याकडचे बरेच रुग्ण शेवटी परळच्या टाटा मेमोरियलला जातात. हा दवाखाना मुळात दानातूनच उभा राहिला. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टने फेब्रुवारी १९४१ मध्ये तो सुरू केला. आज तो केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. केसपेपर काढताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. खर्चात मोठा फरक पडतो, म्हणून समजून उत्तर द्या. पैशाची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागाला आधी भेटा. कोणत्या ट्रस्टकडे कोणता अर्ज करायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रेल्वेत दवाखान्याच्या दाखल्यावर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हे तिकीट खिडकीवर काढायचं.

५) आता वर्गणी

एवढं झाल्यावर जी तूट उरते, तेवढीच लोकांकडे मागायची. मी हे पालकांना वहीवर मांडून दाखवतो. समजा, अंदाजपत्रक ४ लाखांचं आहे. योजनेतून ३ लाख मंजूर झाले, ट्रस्टकडून ४० हजार मिळाले. उरले ६० हजार. त्यात प्रवास, खोली, जेवण आणि बुडालेली मजुरी धरा. योजना औषधाचे पैसे देते, पण घरी राहिलेल्या लेकरांच्या किराण्याचे कुणी देत नाही. गावाची, शाळेची वर्गणी खरी तिथे कामी येते.

मागताना हे पाळा :

• आकडा आणि कारण स्पष्ट लिहा, मेसेजवर तारीख टाका. तारखेविना मेसेज दोन-दोन वर्षं ग्रुपवर फिरत राहतो.
• शक्य तिथे पैसे दवाखान्यातल्या रुग्णाच्या खात्यावर थेट भरायला सांगा. घरच्या खात्यात परक्यांकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त भेट आली, तर ती करपात्र ठरू शकते.
• ऑनलाइन वर्गणीच्या संकेतस्थळावर जाणार असाल, तर ते किती रक्कम कापतात हे आधी विचारा.
• वही ठेवा. दोन माणसं हिशोब पाहणारी असू द्या, त्यातला एक घरचा नसावा.
• रक्कम पूर्ण झाली की "आता पुरे, धन्यवाद" असा मेसेज टाका. पुढच्या गरजू माणसावर लोक विश्वास ठेवतील तो याच मेसेजमुळे.
• पैसे उरले किंवा रुग्णच राहिला नाही, तर काय करायचं हे आधीच ठरवा. बोलायला अवघड आहे, पण नंतर बोलणं त्याहून अवघड जातं.

शाळेत मात्र हे जपा

परिपाठाला मुलाचं नाव घेऊ नका. आजारी बापाचा नळ्या लावलेला फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. मुलं तेच ग्रुप घरी बघतात. पैसे शिक्षकांनी आणि पालकांनी आपसात जमवावेत. मुलासाठी करायचं ते वेगळं आहे. आई-बाबा मुंबईला असताना तो कुठे जेवतो ते विचारा, बुडालेला अभ्यास गुपचूप भरून द्या.

आपण शिक्षक आहोत. अडचण आली तर पगारावर सोसायटीतून कर्ज निघतं. आपल्या बऱ्याच पालकांकडे रेशनकार्ड आणि आपला फोन नंबर एवढंच असतं. त्या फोनवर आपण "वर्गणी काढू" म्हणण्याआधी "रेशनकार्ड घेऊन या, अर्ज लिहू" म्हणालो, तर एखाद्या आजीची पोत वाचेल.

तो मुलगा यंदा बारावीला आहे. वडील अजून तपासणीला जातात, रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटावर. तो अर्ज त्याने स्वतः भरला होता.