लेसर वेल्डिंग : भिंगांची निगा आणि डोळ्यांची सुरक्षा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे धान्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव यंत्रविद्येलाही नवखे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या कल्पनेतून साकारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी या मार्गावर धावू लागली. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या या मार्गावरील कोणत्याही गाडीच्या आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे तिचे मूलसूत्र होते. ही मर्यादा काटेकोरपणे पाळली गेली, म्हणूनच हलक्या रुळांवरून ही छोटी रेल्वे अनेक दशके लोकांची आणि मालाची वाहतूक करू शकली. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज रेल्वे आहे. परंतु नवे यंत्र लहान गावात सुखाने नांदावयाचे असेल, तर त्याच्या मर्यादा प्रथम समजून घेतल्या पाहिजेत, हा त्या रेल्वेचा धडा जुना झालेला नाही.

हा धडा आठवण्याचे कारण म्हणजे वेल्डिंगच्या क्षेत्रात आलेले नवे साधन. दारे, खिडक्या, जाळ्या, पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉली अशी कामे करणारी दुकाने बार्शीसारख्या तालुक्याच्या प्रत्येक गावी असतात. आजवर या दुकानांत विजेच्या ठिणगीचे, म्हणजे आर्क वेल्डिंगचे, यंत्र वापरले जात असे. आता हातात धरून चालविण्याची लेसर वेल्डिंगची यंत्रे लहान कारखानदारांच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत. पातळ पत्र्याचा जोड त्यांनी जलद व नीटस होतो, पत्रा वाकत नाही आणि घासकामही कमी लागते. हे लाभ खरे आहेत. परंतु हे यंत्र जुन्या वेल्डिंग यंत्रासारखे दिसते म्हणून ते जुन्या सवयींनीच चालविले, तर एका क्षणात माणसाची दृष्टी जाऊ शकते.

लेसरचा उगम आणि उपयोग

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर लेसरची उभारणी झाली. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत १९६० मध्ये माणकाचा स्फटिक वापरून तयार केला. धातू कापण्याच्या व जोडण्याच्या कामी ज्याने प्रथम मोठी कामगिरी बजावली, तो कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर मात्र महाराष्ट्रात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने शोधून काढला. १९३८ मध्ये बारामती येथे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये हा शोध लावला.

लेसरने केलेला जोड किती सूक्ष्म असू शकतो, याचे उदाहरण मुंबईतील तुर्भे येथे पाहावयास मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्राने डोळ्याच्या व इतर अवयवांच्या कर्करोगावरील उपचारासाठी किरणोत्सारी आयोडीनच्या कुप्या विकसित केल्या. टायटॅनियम धातूची ही कुपी ४.७५ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. तिचे तोंड लेसरनेच बंद केले जाते. डोळा वाचविणाऱ्या औषधाची कुपी मिटविणारा हाच किरण निष्काळजीपणामुळे डोळा हिरावूनही घेऊ शकतो.

किरणाचा मार्ग

हातात धरून चालविण्याच्या आजच्या यंत्रात सामान्यतः तंतू लेसर असतो. त्याची शक्ती बहुधा १,००० ते २,००० वॉट असते. यंत्राच्या पेटीत निर्माण झालेला किरण केसासारख्या बारीक काचतंतूतून कामगाराच्या हातातील पिस्तुलासारख्या भागात, म्हणजे वेल्डिंग हेडमध्ये, येतो. तंतूतून बाहेर पडताना तो पसरू लागतो. पहिले भिंग त्याला समांतर करते. त्यानंतर जलद हलणारा एक लहान आरसा त्याला दोन्ही बाजूंस किंचित झुलवतो, त्यामुळे जोड पुरेसा रुंद होतो. दुसरे भिंग सर्व किरण एका बिंदूत एकवटते. शेवटी, नोझलच्या अलीकडे, नाण्याएवढी एक सपाट काच असते. तिला संरक्षक काच म्हणतात. उडालेल्या ठिणग्या व धूर आतील मौल्यवान भिंगांपर्यंत पोचू नयेत, यासाठी ती स्वतः झीज सोसते.

बहिर्गोल भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. लेसर वेल्डिंगचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की, येथे दीड हजार वॉट शक्ती एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच्या ठिपक्यावर एकवटलेली असते.

डोळ्याला असणारा धोका

तंतू लेसरच्या किरणाची तरंगलांबी सुमारे १,०७० नॅनोमीटर असते. मानवी डोळ्याला साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. त्यामुळे हा किरण पूर्णतः अदृश्य असतो. तरीही डोळ्याचे पारपटल व भिंग त्याला अडवीत नाहीत. ते त्याला दृष्टिपटलावर एका बिंदूत एकवटतात. या एकवटण्याने किरणाची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा किरण पारपटलावरच शोषला जातो आणि तेथे भाजतो. तंतू लेसरचा किरण थेट दृष्टिपटल जाळतो.

आर्क वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते आणि बहुधा एकदोन दिवसांत आराम पडतो. हा अनुभव वेल्डिंगचे काम करणाऱ्या बहुतेकांस असतो. तेवढ्यानेच बरे होईल, ही समजूत लेसरच्या बाबतीत घातक आहे. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. किरण दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. जळलेला भाग पूर्ववत होत नाही आणि नजरेच्या मध्यभागी कायमचा काळा ठिपका राहू शकतो.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार अर्ध्या वॉटपेक्षा अधिक शक्तीचे अखंड लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या, वर्गात मोडतात. भारतानेही हे मानक स्वीकारले आहे. वेल्डिंगचे लेसर या मर्यादेच्या हजारो पट शक्तीचे असतात. चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला किरणही त्यांच्या बाबतीत अपायकारक असतो. थेट किरणाचा धोका तर शंभर मीटरांपलीकडेही पोचू शकतो.

रस्त्यालगतच्या दुकानात वेल्डिंग सुरू असले, की आई मुलाला ‘तिकडे बघू नको’ असे बजावते. आर्कचा निळा झगमगाट स्वतःच ही सूचना देत असतो. लेसरच्या जोडाजवळ काही उजेड दिसतो खरा, पण खरा घातक किरण कोणतीही पूर्वसूचना देत नाही. म्हणूनच उघड्या शटरच्या दुकानात किंवा रस्त्याच्या कडेला हे यंत्र चालविणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे.

चष्मा, खोली आणि कुलूप

आर्क वेल्डिंगची काळी काच लेसरसाठी भरवशाची नाही. ती दृश्य प्रकाश व आर्कचे किरण अडविण्यासाठी बनविलेली असते. लेसरचा चष्मा विशिष्ट तरंगलांबीसाठीच तयार केलेला असतो. चष्म्यावर छापलेल्या तरंगलांबीच्या पट्ट्यात यंत्राची तरंगलांबी येते की नाही, हे प्रथम पाहावे. त्यावर प्रकाशीय घनतेचा आकडाही असतो. घनता ६ म्हणजे दहा लाखांतील केवळ एक भाग पार जाणे. यंत्राच्या उत्पादकाने सांगितलेल्या घनतेपेक्षा कमी घनतेचा चष्मा वापरू नये. असा चष्मा यंत्रचालकाला जितका आवश्यक, तितकाच पत्रा धरणाऱ्या मदतनिसाला आणि खोलीतील प्रत्येक व्यक्तीला आवश्यक आहे. तो घालूनही किरणाकडे रोखून पाहण्याची मुभा मिळत नाही.

काम बंदिस्त खोलीत व्हावे. तिच्या भिंती धातूच्या पत्र्याच्या किंवा विटांच्या असाव्यात. साध्या काचेतून हा किरण पार जातो, म्हणून साध्या काचेची खिडकी ठेवू नये. दार उघडताच किरण बंद पडेल अशी विद्युत योजना करावी. दाराबाहेर धोक्याचा फलक व काम सुरू असताना पेटणारा दिवा असावा. यंत्राची किल्ली प्रशिक्षित व्यक्तीकडेच राहावी.

या यंत्रांत आणखी एक सुरक्षा योजना असते. जोडावयाच्या पत्र्याला एक चिमटा लावलेला असतो आणि नोझल त्या पत्र्याला टेकल्याशिवाय किरण सुटत नाही. कामाची घाई म्हणून हा चिमटा नोझललाच लावून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. तसे केल्यास किरण हवेतही सुटू शकतो, कोणाच्याही दिशेने. हा प्रकार गंभीर गुन्ह्यासारखाच समजला पाहिजे.

भिंगांची निगा

भिंगांच्या स्वच्छतेचा संबंध केवळ जोडाच्या गुणवत्तेशी आहे असे नाही, तो सुरक्षिततेशीही आहे. संरक्षक काच स्वच्छ असताना जवळजवळ सर्व किरण तिच्यातून पार जातो. बोटाचा तेलकट ठसा किंवा धुराचा थर यांनी दीड हजार वॉटपैकी शंभरावा भाग जरी शोषला, तरी १५ वॉट उष्णता त्या नाण्याएवढ्या काचेत साठू लागते. ही उष्णता लहान सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेशी तुलना करण्याजोगी आहे. काच तापली की तिचा आकार व गुण किंचित बदलतात, किरणाची नाभी सरकते आणि जोड उथळ होतो. यंत्रचालकाला वाटते, शक्ती कमी पडली. तो शक्ती वाढवितो आणि काच अधिकच तापते. अखेर ती तडकते, आतील भिंग जळते आणि किरण भलतीकडे विखुरतो. जोड बिघडू लागला की शक्ती वाढविण्यापूर्वी काच पाहावी, हा नियम प्रत्येक कारखान्यात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

काच तपासण्याची रीत पुढीलप्रमाणे असावी :

१. यंत्र बंद करून वीज तोडावी व किल्ली काढून स्वतःजवळ ठेवावी. किरण सुरू असताना नोझलमध्ये कधीही डोकावू नये.

२. पंखा बंद करावा. ग्राइंडिंग चालते त्या जागेपासून दूर, स्वच्छ टेबलावर काम करावे. हात धुऊन, कोरडे करून बोटांवर स्वच्छ रबरी आवरण चढवावे.

३. हेड आडवे धरून काचेचा खण बाहेर काढावा आणि उघडे तोंड लगेच स्वच्छ चिकटपट्टीने झाकावे.

४. काच कडेने धरावी आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहावी. डाग, ओरखडा किंवा खड्डा असा दिसून येतो.

५. डाग असल्यास भिंग पुसण्याच्या खास कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घेऊन एकाच दिशेने, एकदाच पुसावे. तोच कागद पुन्हा वापरू नये. हे द्रव्य ज्वालाग्राही आहे, याचा विसर पडू नये.

६. काचेवर खड्डा, जळका डाग किंवा तडा असल्यास ती बदलावी. पुसून उपयोग होत नाही. बसविताना भोवतालचे रबरी कडे जागेवर असल्याची खात्री करावी.

तोंडाने फुंकर मारणे, सदऱ्याच्या टोकाने पुसणे आणि कॉम्प्रेसरची हवा मारणे या तीन सवयी मोडणे अगत्याचे आहे. फुंकरीत थुंकीचे कण असतात, कापडात धूळ असते आणि कॉम्प्रेसरच्या हवेत तेल व पाणी असते. आतील भिंगे मात्र कारखान्यात उघडू नयेत. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच धूळमुक्त जागेत करावे.

पाणी, वायू आणि धूर

यंत्र व हेड थंड ठेवण्यासाठी चिलरचे पाणी फिरत असते. त्यात कूपनलिकेचे जड पाणी घालू नये. क्षारांचा थर बसून नळ्या तुंबतात. उत्पादकाने सांगितलेले शुद्ध पाणीच घालावे आणि ठरावीक मुदतीने बदलावे. पावसाळी दमट हवेत पाणी फार गार ठेवल्यास, थंड तांब्यावर जसे दव जमते, तसेच भिंगांवर जमते आणि ओल्या भिंगावर किरण पडताच ते खराब होते. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर पारा जाणाऱ्या या जिल्ह्यात चिलर सावलीत व मोकळ्या हवेत ठेवणेही तितकेच आवश्यक ठरते.

जोडावर सोडला जाणारा आर्गॉन किंवा नायट्रोजन वायू विषारी नाही, पण बंद खोलीत तो प्राणवायूचे प्रमाण घटवितो. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा टाकीच्या आत साचतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम व निकेलचे अपायकारक अंश असतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या जस्तयुक्त धुराने ताप येतो. म्हणून बंदिस्त खोलीला धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवाच.

जबाबदारी सर्वांची

प्रखर प्रकाशापासून कामगाराच्या डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये करण्यात आली होती. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही सुरक्षित कामाची जागा पुरविणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे. तथापि दोनतीन कामगारांच्या दुकानापर्यंत निरीक्षक दररोज पोचू शकत नाही. तेथे स्थानिक जाणतेपणाच उपयोगी पडतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी लेसर आणि आर्क यांतील भेद विद्यार्थ्यांना आरंभीच समजावून द्यावा. विज्ञान शिक्षकांना भिंगाचा धडा शिकविताना हे उदाहरण सहज देता येईल. पंचायत सदस्यांनी गावात असे यंत्र आले असल्यास बंदिस्त खोली, योग्य चष्मे, दाराची विद्युत योजना आणि धूर ओढणारा पंखा या चार गोष्टी आहेत का, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ साधेल. डोळ्यात किरण गेल्याची नुसती शंका आली, तरी दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी आणि यंत्राची तरंगलांबी व शक्ती डॉक्टरांना सांगावी.

संरक्षक काच ही बदलता येणारी वस्तू आहे. ती जळाली, तर नवी बसविता येते. डोळ्याच्या पडद्याला अशी बदली काच नाही. हा भेद ध्यानी ठेवून हे नवे तंत्र स्वीकारले, तर ग्रामीण भागातील कारागिरांच्या हाती एक उत्तम साधन आल्यावाचून राहणार नाही.