चिंचोके, सुई आणि संगणक

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत मोडणाऱ्या होसकोटे कसब्याभोवती आज कारखाने उभे राहिले असले, तरी कानडी मुलुखातला अळगुळी मणेचा जुना खेळ अद्याप लोपलेला नाही. आणि सात-सात खळग्यांच्या दोन ओळींतून चिंचोके पेरीत जाणारी मुलगी, मुठीतला शेवटचा चिंचोका कोणत्या खळग्यात पडेल याचा हिशेब ज्या झपाट्याने मनात मांडते तो ज्याने पाहिला, त्याला गणित आणि यंत्र ही मुलग्यांचीच मिरास आहे असे म्हणवणार नाही.

यास्मिन काफाई या विदुषीने या समजुतीचीच तपासणी केली. मूल वस्तू घडविताना सर्वांत खोल शिकते, या सेमूर पॅपर्ट यांच्या सिद्धांताला अनुसरून त्यांनी बॉस्टनमधील चौथीच्या 16 विद्यार्थ्यांना, धाकट्या मुलांना अपूर्णांक शिकविणारे खेळ संगणकावर रचावयास लावले. त्याचा वृत्तांत 1995 साली ग्रंथरूपाने आला. मुलग्यांच्या खेळांत बहुधा साहसे आणि दुष्टांशी झुंजी आल्या, मुलींच्या खेळांत बहुधा वर्गासारखी परिचित स्थळे. हा भेद जन्मजातच, असा निवाडा देण्याची घाई अनेकांनी केली असती. काफाईबाईंनी ती केली नाही, हेच मला त्यांचे मोठेपण वाटते. पुढे सूर्यमालेविषयी खेळ रचण्याचे काम दिले, तेव्हा तोच भेद पुष्कळ ओसरला. म्हणजे दोष मुलींच्या बुद्धीचा नसून, त्यांच्यापुढे ठेवलेल्या विषयाचा होता.

पुढे त्यांनी वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याचे शिवणकाम वर्गात आणले. कापडावर इवलासा दिवा बसवून बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून त्याच्यापर्यंत धावदोरा घालायचा. धन बाजूचा टाका ऋण बाजूच्या टाक्याला शिवता कामा नये, आणि उलट बाजूस लोंबणारे दोऱ्याचे एखादे टोक जरी दुसऱ्याला टेकले तरी वीज आडवाटेने जाऊन दिवा विझतो. कापड उलटून तो चुकार टाका हुडकणाऱ्या मुलीला विद्युन्मंडल निराळे शिकवावे लागत नाही.

मुलांना संगणकावर खेळ रचता येतील अशा ज्या स्क्रॅच या संगणक-भाषेच्या घडणीत काफाईबाईंचा वाटा आहे, ती 2007 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तेव्हा होसकोट्यातील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती अशी की, संगणकाच्या तासाला अळगुळी मणेचा खेळ मुलांकडून रचून घ्यावा, आणि कळफलक प्रथम मुलींच्या हाती द्यावा.